हा टीव्ही तुमच्या घरातला नाही

माझे सासरे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून विशीत मुंबईला आले आणि मार्केट वाशीला हललं तेव्हा त्याच्यामागे नव्या मुंबईत आले. पाठीवर पोती वाहून त्यांनी कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत घर केलं आणि दोन मुलगे शिकवले. हे सगळं मी आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात ते बिचारे म्हातारे वाटतील, आणि ते बिचारे नव्हते.

घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एकच टीव्ही होता आणि तो आबांचा होता. दुपारी मार्केटातून यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे आणि टीव्हीसमोर आडवे व्हायचे. केसांत कांद्याची सालं तशीच असायची. मी बेलापूरला एका ऑफिसात डेटा एन्ट्रीचं काम करायचे. संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापून झाल्या की मला अर्धा तास एक मालिका बघायची असायची. रोज नाही, पण बघायची असायची. आबांच्या ते लक्षात आलं. त्यानंतर बाहेर पडताना ते रिमोटमधले सेल काढून बंडीच्या खिशात घालून न्यायला लागले. कुणाला काही बोलले नाहीत. नुसते सेल न्यायचे.

मुलीच्या वेळी, सातव्या महिन्यात, मी रजेवर होते. एकदा दुपारी टीव्हीचंच बटण दाबून मालिका लावली. आबा त्या दिवशी लवकर आले, बरोबर मार्केटातले दोघं होते. त्यांनी प्लग उपटला. मी खाली बसले होते, उठायला मला वेळ लागला.

"तुझ्या बापानं दिलाय का टीव्ही?" ते म्हणाले. "त्याच्या घरात जाऊन बघ. हितं तुझं काय न्हाई."

ते दोघं हसले. नवरा तिथेच होता, चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला नाही.

असं बरंच होतं. मी ते मोजत बसत नाही. पण हे एक माझ्याकडे राहिलं.

धाकट्या दिराने उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळी घरातली मुलगी केली तेव्हा आबांनी तिला तीन वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही. "मासळीचा वास सोसायचा न्हाई मला," म्हणाले. दीर बंदरात कंटेनरच्या कामाला होता, तो तिकडेच उरणला राहिला. सासूबाई गुपचूप त्यांच्याकडे जाऊन यायच्या. सासूबाई वारल्या तेव्हा धाकटी पहिल्यांदा घरात आली, तीही खाली अंथरलेल्या चटईच्या कडेला बसून.

मला पुढे प्रमोशन मिळालं. आम्ही शिरवण्याजवळ, नेरूळच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आबाही आमच्याबरोबर आले. मोठा टीव्ही मी माझ्या पगारातून घेतला. त्यावर सिनेमे-मालिका दाखवणारी ती सेवा घेतली, तीही माझ्या नावाने, माझ्या मोबाइल नंबरवर. नवऱ्याचा, मुलीचा, माझा असे प्रोफाइलचे वेगवेगळे चौकोन केले. आबांसाठीही एक केला. चौकोनाला चित्र निवडायचं असतं. त्यांच्यासाठी मी दात विचकणारं एक माकड निवडलं. मुलगी हसली. आबांना ते कळलं नाही, ते माकडावरच बोट ठेवायला शिकले.

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "चल". पाणी हवं तरी चल, लघवीला जायचं तरी चल. मार्केटात पोतं घेऊन निघालं की समोरच्याला बाजूला करायला ओरडायचे, तो शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जो शब्द हजारदा तोंडात येतो तो कधीकधी शिल्लक राहतो.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दिराचं घर तळमजल्यावर, अंगणाचं. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना उचलून तीन जिने कोण वर-खाली करणार? उरणलाच बरं." लिफ्ट नव्हती हे खरंच होतं, त्यामुळे मला आणखी काही बोलावं लागलं नाही. ज्या सुनेला त्यांनी तीन वर्षं दाराबाहेर ठेवलं, तिच्या अंगणात आम्ही त्यांना व्हीलचेअरसकट उतरवलं. धाकटीने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांची चेअर आत ढकलली.

दिराकडच्या टीव्हीवर नवऱ्याने माझंच अकाउंट लावून दिलं. आबांचं माकड तिकडे गेलं. एका गावातल्या दोन भावकींची, लांबलचक चाललेली एक मालिका होती. बैल, बांध, तमाशाचा फड, सगळं त्यात. आबा ती पहिल्या भागापासून बघायला लागले होते. दुपारी एक भाग, संध्याकाळी एक. धाकटी सांगायची की आता त्यांचा दिवस त्याच्यावरच चालतो. एक भाग झाला की जेवण, दुसरा झाला की झोप. मागचा दिवस त्यांना आठवायचा नाही, पण मालिका कुठवर आली ते मात्र बरोबर ठाऊक असायचं. चुकून पुढचा भाग लागला तर डावा हात आपटायचे.

वर्षभर असं चाललं. मग त्या कंपनीने नियम काढला की एक अकाउंट एकाच घरात चालेल, दुसऱ्या घरात बघायचं तर जादा पैसे. धाकटीने मला फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. आत्ता शब्द नेमके आठवत नाहीत, पण अर्थ असा की हा टीव्ही तुमच्या घरातला नाही. खाली लिहिलं होतं, तात्पुरतं बघायचं असेल तर कोड मागवा. कोड अकाउंट ज्याचं आहे त्याच्या मोबाइलवर जाईल. तो पंधरा मिनिटांच्या आत टाकावा लागेल.

तो फोटो मी ऑफिसात बघितला. दोनदा बघितला. हितं तुझं काय न्हाई, हे इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना पांढऱ्या अक्षरांत लिहून दाखवलं होतं, आणि मला त्यासाठी काहीही करावं लागलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "जादा पैसे भरून टाक ना."

"बघू," मी म्हटलं. "नियम अजून नीट कळले नाहीत."

सुरुवातीला धाकटीचा फोन आला की मी लगेच कोड पाठवायचे. कोड दिला की काही दिवस चालायचं, मग परत मागायचं. कधी आठवड्याने, कधी दोनच दिवसांनी. एकदा मी खरंच मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तेव्हा तिचे सहा मिस्ड कॉल होते. मी फोन केला.

"ताई, सकालपासून बसलेत टीवीपुढं," ती म्हणाली. "जेवले पन नाय. बोट दाखवतात आनि चल चल करतात. मना काय त्यातलं कलत नाय, मी काय करू?"

मी सॉरी म्हटलं आणि कोड पाठवला. पण जागेवर येऊन बसल्यावर मला जाणवलं की मला सॉरी वाटलेलं नव्हतं. मला बरं वाटत होतं. पोटभर जेवल्यावर वाटतं तसं.

त्यानंतर मी मुद्दाम करायला लागले. फोन वाजला की बघायचे आणि उलटा ठेवायचे. कोडचा मेसेज यायचा, चार आकडे. मी घड्याळ बघायचे. चौदाव्या मिनिटाला पाठवायचे. धाकटीला रिमोटवर आकडे टाकायला वेळ लागायचा, तोवर कोड मेलेला असायचा. ती परत मागायची. "अगं, पाठवला की मी," मी म्हणायचे, "तुमच्याकडे नेट स्लो असेल." ती कधी उलटून बोलली नाही. "असंल," म्हणायची.

एकदा लंच टाइममध्ये तिचा फोन आला. मी डबा उघडून बसले होते. बाजूला कुणी नव्हतं. काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "आबांना दे फोन. त्यांनाच हवाय ना कोड? त्यांना मागू दे."

"ताई, त्यांना बोलता येत नाय."

"येतं तेवढं बोलू दे. तू फोन धर त्यांच्या तोंडाशी."

मग फोन सरकल्याचा आवाज आला. आबांचा श्वास ऐकू आला, जड, ओला.

"बोला आबा," मी म्हटलं. "काय पाहिजे?"

"चल," ते म्हणाले.

"कळलं नाही. नीट सांगा."

"चल. चल."

"टीव्ही पाहिजे? टीव्ही कुणाचा आहे आबा? कुणी दिलाय?"

ते थांबले. मग परत चल म्हणाले, या वेळी हळू, शेवटी आवाज चढवून, विचारल्यासारखं. मी परत म्हटलं, कळलं नाही. मग ते रडायला लागले. सासूबाईंना खाली ठेवलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता. रडण्यातही तो शब्द होता, तुकड्या-तुकड्यांत. मी फोन कानाला धरून पूर्ण ऐकलं. भाजी गार झाली. शेवटी धाकटीनेच फोन काढून घेतला आणि कट केला. त्या दिवशी तिने परत कोड मागितला नाही. मी पण पाठवला नाही.

मला वाटलं होतं की आता मन भरेल. भरलं नाही.

त्याच पावसाळ्यात मुलगी शिकायला पुण्याला गेली. मैत्रिणींबरोबर फ्लॅट, तिथे टीव्ही. तिचाही टीव्ही आमच्या घरातला निघाला नाही. तिने फोन केला, "मम्मी, कोड दे." मी ऑफिसातून घरी येता येता बसमध्येच जादा मेंबरचे पैसे भरले. दोन मिनिटांचं काम होतं. नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने विचारलं, "मग आबांचं?"

"एकच जागा मिळते," मी म्हटलं. "ती पोरीला दिली."

मोठा प्लॅन घेतला असता तर दोन मिळत होत्या. ते मी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. तो असाच आहे, त्याचा चहाचा कप हातातच असतो.

गणपतीत मुलगी घरी आली आणि काकीला भेटायला उरणला गेली. तिथे काळा पडदा बघून ती सहज म्हणाली, "काकी, जादा मेंबर करून घ्या ना. मम्मीने माझं केलंय तसं." दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला.

"ताई, पैसं भरून कोड लागत नाय असं असतं व्हय?"

मी काहीतरी म्हणायला गेले.

"आमी भरलं असतं," ती म्हणाली. "तुमच्यावर नसतं टाकलं. नुसतं सांगायचं." मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. यांनी आमचं वेगलं अकाउंट घेतलंय. आता कोड नको." आवाज चढला नव्हता. "एक विचारू? आबांचं अर्धं बघून झालंय, ते तेवढं हिकडं येतं का? त्यांना मधूनच लागतं. पहिल्यापासून लावलं की चिडतात."

"बघते," मी म्हटलं.

ते जात होतं. माझ्या फोनवर तसं बटण होतं, प्रोफाइल दुसरीकडे न्या. त्यांचं माकड उचलून, सगळं बघितलेलं धरून, त्यांच्या नव्या अकाउंटवर ठेवता येत होतं. मी ते बटण बघितलं. मग मालिका उघडून बघितली की ते कुठवर आले होते. चौथा सीझन, सातवा भाग, साधारण अर्ध्यावर. भागाखाली लाल रेघ होती. मग मी मागे आले आणि प्रोफाइल काढून टाका यावर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, खात्री आहे का, यातलं सगळं कायमचं जाईल. मी हो म्हटलं. स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. तिसरी होईपर्यंत माकड गेलेलं होतं.

धाकटीला मी मेसेज केला, "नाही येत गं. सिस्टीममध्येच नाही."

दिवाळीत आम्ही फराळ घेऊन उरणला गेलो. दिराच्या घरात टीव्ही बंद होता. आबांची चेअर भिंतीकडे वळवलेली होती. ते वाळले होते. बंडी खांद्यावरून उतरत होती. ज्या खांद्यावर पोती घेतली तो खांदा आता एवढासा होता.

"टीव्ही नाही लावत?" नवऱ्याने विचारलं.

"लावत नाय," धाकटी म्हणाली. तिने आमच्यापुढे पाण्याचे ग्लास ठेवले. "पहिल्यापासून लावला तर एवढं ओरडले, ग्लास फेकला. मग मी मधला कुठला तरी लावला. तो पन नाय. रोज दोन-तीन लावून बघायची. हा का आबा, हा का? मान हलवायचे. एक दिवस त्यांनी चेअरच फिरवली, डाव्या हातानं. तवापासून असेच. बोलत पन नाय आता. ते चल पन गेलं."

नवरा म्हणाला, "कुठवर आले होते ते कुणालाच माहीत नाही?"

"मना काय म्हाईत. त्यांनाच म्हाईत होतं."

चौथा सीझन, सातवा भाग. माझ्या तोंडात होतं ते. हातात चकली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, चौथा लाव, सातवा. कसं माहीत असं कुणी विचारलंही नसतं, विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. मी आबांकडे बघितलं. त्यांची मान भिंतीकडेच होती. आम्ही आलोय हे त्यांना कळलंय की नाही ते कळत नव्हतं. मी चकली खाल्ली. चांगली खुसखुशीत झाली होती, मी तसं धाकटीला म्हणाले. मग आम्ही निघालो.

घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "आपल्या टीव्हीवर त्यांचं माकड दिसत नाही. तूच काढून टाकलंस ना?" मी हो म्हटलं. तो पुढे काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. मला वाटतं, त्या दिवशी तो ओरडला असता तर मी उलट फिरून उरणला गेले असते. तो गाडी लावायला जागा शोधत राहिला.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी पाणी धाकटीने घातलं. तेराव्याला सगळे उरणला जमले. साताऱ्याहून आबांची बहीण आली होती, नव्वदीला टेकलेली, ऐकायला कमी. खाटेवर बसून ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होती.

"थोरलीनं लई केलं माझ्या भावाचं," ती म्हणाली. "म्हातारपणी टीव्हीची सोय करून दिली. फोनवर सांगायचा मला धाकटा, आबा रोज बघत्यात म्हून. हिनंच दिली की न्हाई गं ती सोय?"

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. खोलीत दहा-बारा बायका होत्या. मी खाली बघितलं. मला वाटलं आता ती सांगेल, आणि मला ते हवं होतं की नको होतं, आजही सांगता येत नाही.

"व्हय," धाकटी म्हणाली. "ताईंनीच दिलेली." तिने पहिला कप माझ्यापुढे धरला. डोळ्याला डोळा भिडवला नाही, टाळलाही नाही. बाकीच्यांकडे बघितलं तसंच माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली.

मुलीला मी हे सगळं मागच्या वर्षी सांगितलं. ती वीस वर्षांची आहे. तिने ऐकून घेतलं. प्लग उपटल्याचं ऐकताना माझा हात धरला होता, फोनवरच्या रडण्यापाशी सोडला. शेवटी म्हणाली, "मम्मी, माझं ते जादा मेंबरचं बंद कर." मी म्हटलं, त्याचा काय संबंध. ती म्हणाली, "तू बंद कर." मी केलं नाही. ती ते आता उघडत नाही, एवढं मला दिसतं.

वर्षश्राद्धाला दिराचा फोन नवऱ्याला आला. नवरा एकटाच गेला. मी रजा काढून ठेवली होती, साडीला इस्त्री करून ठेवली होती. तो बूट घालत असताना मी विचारलं, "मी येऊ?"

"तुला बोलावलं नाही," तो म्हणाला. त्याने दार ओढून घेतलं, आणि मी ऑफिसला फोन करून रजा रद्द केली.